तोंड कापलेली टेप

"मास्तर, या कोटात मी एकटाच आहे ना, एवढं जरा बघून सांगता का?"

पडद्याआडून बँडमास्तरांचा हा आवाज आला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. पाठोपाठ पडदा सरकला आणि ते बाहेर आले. म्हणजे आधी कोट आला, ते त्यात मागाहून सापडले. बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा दिसत नव्हती, हनुवटी कॉलरमध्ये बुडाली होती, आणि पँट त्यांनी कोटावरूनच दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

शिंपीमास्तरांच्या दुकानात अग्निशमन दलाच्या बँडचे अठरा वादक जमले होते. झांजवाला सगळ्यात आधी हसला. मग त्याने स्वतःचा कोट चढवला आणि त्याचं हसू थांबलं, कारण आता बाकीचे हसायला लागले होते. पाच मिनिटांत अठराच्या अठरा गणवेश अंगावर चढले आणि थोरल्या भावाचे कपडे घातलेल्या अठरा मिशीवाल्या पोरांनी दुकान भरून गेलं. दोन वाजता नव्या अग्निशमन केंद्राचं उद्घाटन होतं. बाहेर रस्त्यात लाल बंब उभा होता, त्यातूनच मंडळी आली होती, आणि समोरच्या दुकानदाराने आग कुठे लागली ते कळेना म्हणून आपलं सामान बाहेर काढायला सुरुवात केली होती.

कटिंगच्या टेबलापाशी टाचणी उभी होती; घरात तिला याच नावाने हाक मारत. मास्तरांची ही धाकटी लेक नऊ वर्षं परदेशात, एका मोठ्या नाटकगृहाच्या कपडेपटात कात्री चालवून आली होती. मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर कात्रीला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांनी तंबी दिली, म्हणून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्या लेकीकडे हे काम आलं. सगळं कापड तिने एकटीने कापलं होतं. आणि आज चार वाजता कारखान्याचा माणूस कागद घेऊन येणार होता. मास्तरांची सही झाली की दुकानातली कटिंग कायमची बंद. कापायचं काम कारखान्याच्या यंत्राकडे जाणार, आजोबांच्या वेळचं बारा फुटी टेबल निघणार आणि त्या जागी काचेचं शोकेस बसणार. ही सगळी दादाची, तिच्या थोरल्या भावाची, योजना होती. टाचणीची योजना अशी होती की बँडचे गणवेश अंगाला चोख बसावेत, मास्तर खूश व्हावेत, आणि त्याच क्षणी तिने ते टेबल मागावं. कारण ती सुट्टीवर आलेलीच नव्हती. नोकरी आणि खोली दोन्ही सोडून आली होती, आणि हे घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगायचा प्रयत्न तिने केला नव्हता असं नाही. पण तिकडे तिला एक वाईट सवय लागली होती. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ती थांबायची. या घरात बोलणं संपत नाही. एकाचं वाक्य दुसरा उचलतो, दुसऱ्याचं तिसरा. तीन आठवडे ती जेवणाच्या टेबलावर आपली पाळी यायची वाट बघत बसली आणि तीन आठवडे सगळ्यांना वाटलं, पोरगी फार शांत झाली हो. एकदा तर तिने सख्ख्या भावाला विचारलं, "दादा, गुरुवारी तुला अर्धा तास आहे का?" दादाला वाटलं, हिला काहीतरी मोठं दुखणं आहे. गुरुवारपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. गुरुवारी तो धास्तीने एकटाच अर्धा तास बोलत राहिला, ती तो थांबायची वाट बघत राहिली, आणि वेळ संपला.

"कापलं कोणी हे?" आता दादाने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण अशी संधी रोज येत नाही.

"मला काजं करतानाच शंका आली होती," आत्या म्हणाली. मास्तरांची ही थोरली बहीण पन्नास वर्षं या दुकानात काज-बटणं करत होती आणि तिला शंका आली नाही असा एकही कोट या गावात नव्हता. "पण म्हटलं, बँडवाले आहेत. फुंकून फुंकून छाती वाढत असेल."

"आणि मला वाटलं, तिकडची फॅशन," वहिनी म्हणाली.

"अगं, पण तू शिवलंस ना?" दादा तिच्यावर उखडला.

"तूही शिवलंस! अर्ध्या बाह्या तुझ्या आहेत."

"बाही हातात घेतल्यावर ती कोणाची आहे हे तिच्यावर लिहिलेलं असतं का?"

"मापवही बरोबर आहे," टाचणी पुटपुटली. "मी प्रत्येक माप दोनदा तपासलं. छाती एकेचाळीस, मी एकेचाळीसच..."

आत्याने पुढे होऊन तिच्या गळ्यातली टेप खस्सकन ओढली. टेप नवीकोरी, पिवळीधमक, परदेशातली. आत्याने तिचं टोक चष्म्याजवळ धरलं.

"हिला तोंड कसं काय आहे?" तिने विचारलं.

बँडवाल्यांना काही कळलं नाही, पण घरच्या चौघांना कळलं. आणि टाचणीला असं कळलं की ती स्टुलावर मटकन बसली.

या दुकानातल्या एकाही टेपला तोंड नव्हतं. आजोबांच्या पहिल्या टेपचे पहिले तीन इंच उंदराने खाल्ले होते. आजोबा हाडाचे चिकट. त्यांनी तशाच टेपने मापं घेतली, वहीत लिहिली, आणि त्याच टेपने कापड कापलं. मोजायला खोटी, कापायला तेवढीच खोटी, त्यामुळे कपडा अंगाला बरोब्बर बसायचा. टेप झिजली तोवर मापवहीत चारशे गिऱ्हाइकं झाली होती. आता चारशे जणांना पुन्हा कोण मोजणार? म्हणून नवी टेप आणली की घरी आल्याबरोबर कात्रीने तिचे पहिले तीन इंच उडवायचे, असा नियमच पडून गेला. तीन पिढ्या या गावाची छाती वहीत तीन इंच फुगलेली आहे आणि कोणाचं काही अडलेलं नाही. दुकानात खिळ्याला टांगलेल्या टेपने दादाने माप घेतलं होतं एकेचाळीस, म्हणजे जगाच्या हिशेबाने अडतीस. टाचणीने गळ्यातल्या टेपने जगाचे एकेचाळीस कापले.

"विसरलीस?" दाराजवळच्या खुर्चीतून काळा चष्मा लावलेले मास्तर इतकंच म्हणाले.

मास्तरांना कोटांचं एवढं वाटलं नाही. कोट उसवता येतात. पण ही तीच पोर होती, जी सात वर्षांची असताना शाळेतल्या बाईंशी उंचीवरून भांडून आली होती. बाईंनी मोजलं, आणि ही म्हणाली, तुमची टेप चुकली, मी तीन इंच जास्त आहे. बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं तेव्हा मास्तर वर्गात उभे राहून म्हणाले होते, बाई, आमच्याकडे ती तीन इंच जास्तच आहे. परत येताना दोघं बापलेक रस्ताभर हसत होते. आणि ती पोर हे विसरली. तीन आठवडे ती स्वयंपाकघरात शिरतानासुद्धा दारावर टकटक करत होती, तेव्हा मास्तर मनात म्हणाले होते, होईल नीट. आता त्यांना वाटलं, नाही होणार. आलेली ही कोणीतरी पाहुणीच आहे. त्यांना फार वाईट वाटलं, आणि चष्मा काळा आहे ते बरं आहे असंही वाटलं.

इकडे कल्लोळ सुरू झाला. दादा म्हणाला, सगळं उसवा. वहिनी म्हणाली, चार तासांत अठरा कोट उसवायला काय आपल्याला चार-चार हात आहेत? आत्या म्हणाली, जुने गणवेश घाला. बँडमास्तर म्हणाले, जुने कालच नव्या भरतीला वाटले. बॅसवाला म्हणाला, मी जेवून येतो, बघा काही फरक पडतो का. झांजवाल्याने सुचवलं की सगळ्यांनी एकेक ब्लँकेट आत घ्यावं. दादा म्हणाला, यंत्राने कापलं असतं तर हे झालं नसतं. आत्या म्हणाली, यंत्राला उंदराची गोष्ट माहीत असती का?

"मला एक सुचतंय," टाचणी म्हणाली.

कोणी ऐकलं नाही.

"माफ करा, मला एक..."

"माफ काय करा! आधी उसवायला घे," दादा ओरडला.

वहिनी तिच्याकडेच बघत होती. घरात सगळं ठाऊक असलेली ती एकटी, आणि तेही कोणी न सांगता. टाचणीची बॅग उघडताना तिने आत उशी पाहिली होती. तीन आठवड्यांच्या सुट्टीला कोणी स्वतःची उशी घेऊन येत नाही. आता ती टाचणीच्या कानाशी वाकली. "अगं बाई, तुझी पाळी या घरात मरेपर्यंत येणार नाही. बोंब मार!"

टाचणी स्टुलावर चढली, तिथून कटिंगच्या टेबलावर चढली.

"गप्प बसा सगळे!"

शिस्तीच्या खात्यातली माणसं, बँडवाले जागच्या जागी ताठ उभे राहिले. तेवढ्यात दोघांच्या पँटी घसरल्या.

"काही उसवायचं नाही! बाहीचं अस्तर लाल आहे ना? बाही बाहेरून दुमडा, तीन इंच. लाल कफ होतो, मुद्दाम लावल्यासारखा. पाठीत मानेपासून खाली एक मोठी चुणी, आणि कमरेवर चुणी धरून ठेवायला पट्टा. पट्ट्याचं कापड उरलंय. कॉलरचा हूक मागे घ्यायचा. पँटीला पाठीमागे एक टीप. कोटाची लांबी तशीच ठेवायची, लांब कोट रुबाबदार दिसतो. नाटकात ऐन वेळी नट आजारी पडला की दुसऱ्या नटाला आम्ही असंच उभं करायचो!" तिला धाप लागली. कोणीच बोलत नव्हतं. एवढी शांतता या घरात तिने जन्मात अनुभवली नव्हती. पुन्हा मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. म्हणून तिने उरलेलंही सांगून टाकलं. "आणि मी परत जाणार नाहीये! नोकरी सोडली, खोली सोडली. मला हे टेबल पाहिजे. शोकेस बसवायचं नाही!"

सगळ्यात आधी बँडमास्तर बोलले.

"ताई, टेबल घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी माझी पँट घ्या."

मग जो हशा उसळला, त्यात आत्याचे दात निघता निघता राहिले. हसत नव्हते फक्त दोघं. दादा आणि मास्तर.

"आधी काम," मास्तर म्हणाले. 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही.

आत्याने त्या पिवळ्या टेपचे तीन इंच कचकन कापून कचऱ्यात टाकले, आणि कामाला सुरुवात झाली. अठरा माणसं ओळीने चड्डी-बनियनवर बाकावर बसली. रस्त्यावरून जाणारं कोणी आत डोकावलं की बाकावरचा तुतारीवाला गंभीरपणे सांगायचा, "वैद्यकीय तपासणी चाललीय." वहिनी बाह्या दुमडत होती, आत्या हूक हलवत होती. पाठीच्या चुण्या टाचणी लावून द्यायची आणि दोन मशीनवर ती आणि दादा टीप मारायचे. पहिला तासभर दादा बोललाच नाही. त्याचं मशीनच काय ते बोलत होतं, आणि तेही चिडून.

"तुझ्या वहिनीला माहीत होतं," अखेर तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"उशी बघितल्यापासून."

"कुठली उशी?"

"माझी. बॅगेत आणली होती ती."

दादाने मशीन थांबवलं. "निळी? तीन आठवडे मी दुपारी त्या उशीवर झोपतोय!"

"माहितीये. माझी मान आखडलीये."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. "हे बघ, तू गेलीस आणि मी राहिलो. बाबांना दिवसातून दोनदा 'हो बाबा' ऐकायची सवय आहे, एकदा माझं, एकदा तुझं. नऊ वर्षं दोन्ही मीच म्हणतोय. आणि आता तू येऊन टेबलावर उभी राहतेस. मग मी काय करू? शोकेसमध्ये उभा राहू?"

"तू माप घे."

"माप काय, कोणीही घेतं."

"कोणीही नाही घेत." तिने वही ओढली. "हे तूच लिहिलंयस ना? 'बॅसवाला: जेवून आला होता, एक इंच धरू नये.' 'झांजवाला: पोट आत ओढतो, हसवून मोजावे.' असं माप मी तिकडे एकदाही पाहिलं नाही, दादा. तिकडे नुसते आकडे असतात."

दादाने वहीत पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाचं अक्षर असावं. "चुटका सांगितला त्याला," तो म्हणाला. "मग खरं पोट बाहेर आलं." मशीनच्या चाकाकडे बघत तो बोलला. "एकोणिसाव्या वर्षी मी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. तेव्हापासून बाबांनी मला कात्री दिली नाही. कारखान्याला कापायला दिलं ना, की निदान चूक तरी त्यांची होते."

"दोन्ही डाव्या?"

"हसू नकोस."

"दादा, मी अठरा गणवेश घालवले."

"अठरा!" दादा म्हणाला. "माझी तर एकच बाही होती गं. दुसरी बरोबरच होती." आणि मग दोघांचाही बांध फुटला. सुई कुठे चाललीय ते दिसेना, दादाने टीप थेट स्वतःच्या शर्टाच्या टोकावरून नेली आणि तो पिपाणीवाल्याच्या कोटाला शिवला गेला. त्याला सोडवताना वहिनी दोघांना शिव्या घालत होती. ती कधीपासून या दिवसाची वाट बघत होती ते तिचं तिलाच ठाऊक.

खुर्चीत बसून मास्तर हे सगळं ऐकत होते. डोळे मिटले की कान तिखट होतात. पट्टे कापणाऱ्या कात्रीचा आवाज त्यांनी ओळखला. लांब घास घेणारी, मध्ये न थांबणारी कात्री, त्यांनी स्वतः शिकवलेली. पण त्यापेक्षा त्यांना दुसराच आवाज सुखावत होता. आत्या म्हणत होती, हूक असा लावतात. टाचणी म्हणत होती, तसा नाही, असा. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, दोघींपैकी कोणी थांबत नव्हतं, मध्ये वहिनी घुसली, तिच्या आवाजावर दादाचा आवाज चढला, आणि तरी टाचणी थांबली नाही. मास्तरांनी पाय लांब केले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

दीड वाजता बँड निघाला. लाल कफ, लांब काळे कोट, पाठीवर पट्टा. झांजवाला काचेत स्वतःला बघून तीनदा परत आला. बॅसवाल्याचं शेवटचं बटण आत्याने बंबाच्या पायरीवर चढून लावलं, आणि दोरा दाताने तोडेपर्यंत बंब हलला होता; तिला पुढच्या चौकात उतरवून द्यावं लागलं. परत येईपर्यंत ती सगळ्यांना सांगत होती की आपण बंबातून आलो.

कारखान्याचा माणूस साडेतीनलाच आला. नीटनेटका होता, हातात फाइल होती. बसायच्या आधीच त्याने टेबलाची लांबी पावलांनी मोजून शोकेसचा अंदाज घेतला. मग कागद मास्तरांपुढे ठेवला.

टाचणी टेबलाच्या पलीकडे उभी होती. मागायचं ते मागून झालं होतं, आता मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मला वाचता येत नाही अजून," मास्तर म्हणाले. "दादा, वाच."

दादाने कागद उचलला, घसा साफ केला आणि वाचायला लागला. 'कटिंगचे टेबल हलवून' इथपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तिथेच थांबला.

"अक्षर लागत नाहीये का?" त्या माणसाने विचारलं.

"लागतंय." दादाने कागदाची घडी घातली आणि परत त्याच्या फाइलीत ठेवली. "पण टेबल नाही हलत. फार जड आहे ते."

"अहो, तुम्हीच तर बोलावलं मला!"

"मीच बोलावलं. आता मीच चहा सांगतो. बसा."

तो माणूस गोंधळला आणि मास्तरांकडे वळला. "मग कापणार कोण? तुमचे तर डोळे..."

मास्तरांनी मानेनेच टेबलाकडे दाखवलं. त्या माणसाने टाचणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आखूड केस, जाड तळव्यांचे परदेशी बूट, गळ्यात पिवळी टेप. "नमस्कार," टाचणी म्हणाली, आणि सवयीने पुढे थांबली, तो आधी बोलेल म्हणून. तो हसला.

"या इथल्या वाटत नाहीत."

"इथलीच," मास्तर म्हणाले. "मध्ये जरा बाहेर गेली होती."

टाचणीने घाईघाईने खडू उचलला आणि टेबलावर पडलेल्या कापडावर एक रेघ ओढली. तिथे रेघेची काही गरज नव्हती, आणि ती सरळही आली नाही.